सहा ठिपक्यांचा भुंगेरा दिसला तर काय करायचं (आणि काय अजिबात करायचं नाही)

मुद्द्याचं आधी सांगून टाकतो, पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी चालेल. पावसाच्या तोंडावर संध्याकाळी माळावर, बांधावर नाहीतर तुमच्या ओट्यावर काळाकुळकुळीत, बोटाच्या दीड पेराएवढा, अंगावर पांढरे ठिपके असलेला भुंगेरा तुरुतुरु पळताना दिसला तर त्याला उचलू नका, वाकून तोंड जवळ नेऊ नका आणि चपलेनं दाबायला जाऊ नका. मीटरभर मागं व्हा, बास. त्याला नांगी नाही, तो विंचू नाही, मागं लागून चावत नाही, पण त्याच्या बुडाशी ॲसिडची पिचकारी आहे आणि ती तो नेम धरून मारतो. माझ्या डोळ्यात मारलीय म्हणून एवढं लिहितोय.

शास्त्रीय नाव अँथिया सेक्सगुटाटा. हसू नका, लॅटिनमध्ये सेक्स म्हणजे सहा आणि गुट्टा म्हणजे थेंब, म्हणून सहा थेंबांचा. फॅब्रिशियस नावाचा डॅनिश कीटकशास्त्रज्ञ होता, लिनियसचा विद्यार्थी, त्यानं १७७५ साली हे नाव दिलं. इंग्रजीत सिक्स स्पॉट ग्राउंड बीटल म्हणतात. आमच्या पुरंदरच्या बाजूला त्याला वेगळं नाव घेताना मी कुणाला ऐकलं नाही, हुमणीचा तो पण भुंगेरा आणि हा पण भुंगेराच, फार तर 'तो ठिपक्याठिपक्याचा काळा किडा' म्हणतील. मी आपला सहाठिपक्या म्हणतो, पुढं तेच लिहिणारे.

ओळखायचा कसा

आधी मोबाईल काढा, जागेवरनंच झूम करून फोटो घ्या आणि मग फोटोत ठिपके मोजा, जिवंत किड्यावर बोट ठेवून एक दोन तीन करायचं नाही (हे सांगायला लागतंय कारण लहान मुलं तेच करतात आणि त्यांचं तोंड जमिनीच्या जास्त जवळ असतं). छातीच्या पाटीवर दोन ठिपके, एक डावीकडं एक उजवीकडं, आणि पंखांच्या कडक झाकणांवर चार, दोन पुढं दोन मागं. एकूण सहा आणि सगळे जोडीनं. फोटो मोठा करून नीट बघितला तर कळतं की हे ठिपके रंगाचे नाहीतच, बारीक पांढऱ्या केसांचे दाट पुंजके आहेत, कुणीतरी काळ्या मखमलीवर चुन्याचं बोट टेकवल्यासारखे.

बाकी अंगकाठी पण ओळखीची होते एकदा बघितल्यावर. पाय लांब, कंबर बारीक, शिंगा दोऱ्यासारख्या, आणि तोंडापुढं जबड्याची जोडी, सुपारी कातरायच्या अडकित्त्याची आठवण येते. शेणातल्या भुंग्यासारखा धडपडत चालत नाही, अंग जमिनीपासनं वर उचलून धावतो, मध्येच थांबतो, परत धावतो. उडत मात्र नाही, त्यामुळं 'अंगावर उडून आला' असं कुणी सांगितलं तर तो हा नव्हे.

आता यातली गंमत. याच्यासारखंच दिसणारं एक झुरळ आहे. खरंच झुरळ. थेरिया पेटिव्हेरियाना नाव, काळं, त्यावर ठळक पांढरे ठिपके, दक्षिण भारतातल्या झुडपी रानात पाचोळ्याखाली असतं, पाऊस सुरू व्हायच्या सुमारास मोठी झालेली दिसायला लागतात आणि परदेशात लोक हौसेनं पाळतात पण. अभ्यासकांचा अंदाज असा की हे झुरळ सहाठिपक्याची नक्कल करतं, म्हणजे ज्या पक्ष्यानं किंवा सरड्यानं एकदा खऱ्याचं ॲसिड खाल्लंय तो ठिपके बघूनच झुरळाला पण सोडून देणार. फुकटची दादागिरी. पण नक्कल करताना झुरळाचा हिशोब चुकलाय, त्याला ठिपके सात. आणि सात ठिपक्यांची जोडी लागत नाही, डाव्या-उजव्या पंखावर ते सारखे नसतात कारण एक पंख दुसऱ्यावर चढलेला असतो. अंगानं पण गोलसर, चपटं, कंबर नाही, अडकित्ता नाही. त्यामुळं मोजायला वेळ नसेल तर एवढंच बघा, ठिपक्यांची जोडी लागते का? लागली तर लांब राहा. नाही लागली तर झुरळ आहे, काही करत नाही, हातावर घेतलं तरी चालतं. पण खात्री असल्याशिवाय नका घेऊ, प्लीज.

दुसरा गोंधळ होतो बॉम्बार्डियर भुंगेऱ्याशी, कारण रसायन फवारणारा भुंगेरा म्हटलं की नेटवर सगळीकडं त्याचेच व्हिडिओ. तो पण याच खानदानातला, काराबिडे कुळातला (हे कुळ केवढं मोठं, तर जगात चाळीसेक हजार जाती), आणि आपल्याकडं पण आहे, फेरोप्सोफस वंशातले, बहुतेक पिवळ्या-नारिंगी आणि काळ्या रंगाचे, आकारानं बरेच लहान. त्याचं तंत्र वेगळं. पोटात एका खणात हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साईड साठवलेलं, दुसऱ्या खणात एन्झाइम, दोन्ही भेटले की आत अक्षरशः स्फोट होतो आणि शंभर डिग्रीच्या आसपास तापलेला फवारा 'फट्' करून बाहेर. कॉर्नेल विद्यापीठातले थॉमस आयस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो हायस्पीड कॅमेऱ्यानं टिपला तेव्हा कळलं की ती एक धार नाहीच, सेकंदाला साधारण पाचशे असे छोटे छोटे बार आहेत. जपानमध्ये २०१८ साली एक प्रयोग छापून आला, त्यात भेकांना हे भुंगेरे गिळू दिले, तर भुंगेऱ्यांनी पोटात गेल्यावर बार काढले आणि ४३ टक्के भेकांनी त्यांना ओकून टाकलं, काहींनी १२ मिनिटांत, काहींनी तब्बल १०७ मिनिटांनी, आणि ओकलेले सगळे भुंगेरे जिवंत! पावणेदोन तास भेकाच्या पोटात. असो, भरकटलो. आपल्या कामाचा फरक एवढाच की बॉम्बार्डियर हाताला लागला तर चटका बसून कातडीवर तपकिरी डाग पडतो, सहाठिपक्याचं प्रकरण थंड असतं पण तीव्र ॲसिडचं असतं.

पिचकारीत असतं काय

फॉर्मिक ॲसिड. मुंग्यांशी याचा जुना संबंध, फॉर्मिका म्हणजे लॅटिनमध्ये मुंगी, जॉन रे नावाच्या इंग्रज निसर्गअभ्यासकानं १६७१ साली मुंग्या उकळून त्यांच्या वाफेतनं हे ॲसिड काढलं होतं. कोकणात आंब्यावर चढताना ज्यांच्या अंगावर ओंबील (झाडावरच्या लाल मुंग्या) पडलेत त्यांना जास्त समजावून सांगायला नको, ते चावतात आणि वर हेच ॲसिड सोडतात. फक्त ओंबील केवढा आणि हा केवढा. मुंगी थेंबाचा कण सोडते, हा चार सेंटिमीटरचा गडी आहे, पोटाच्या शेवटाला दोन ग्रंथी, त्यांना जोडलेल्या साठवणीच्या पिशव्या, पिशव्यांभोवती स्नायू. स्नायू आवळले की धार. आत काही मिसळायला नको, तापवायला नको, भरलेला फवारणीपंपच घेऊन फिरतोय समजा, फक्त दांडा दाबायचा बाकी.

आणि नेम. पोटाचं टोक वळवून तो धार तुमच्याकडं करू शकतो, म्हणून 'मागनं धरलं की काही होत नाही' हा जो सल्ला कुणीतरी देतं तो बरोबर उलटा आहे, मागंच तर तोफ आहे.

दक्षिण आफ्रिकेत याच अँथिया वंशातले भाऊबंद आहेत, तिकडच्या आफ्रिकान्स भाषेत त्यांना ऊखपिस्टर म्हणतात, म्हणजे सरळ सांगायचं तर डोळ्यात मुतणारा. इतकं चपखल नाव आपल्याला कसं सुचलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. आणि तिकडच्याच कलहारी वाळवंटात एका सरड्याची पिल्लं या भुंगेऱ्यांची नक्कल करतात, अंग काळं, वर पांढरे पट्टे-ठिपके, पाठीची कमान करून ताठ पायांनी भुंगेऱ्यासारखं चालायचं. शेपटी तेवढी वाळूच्या रंगाची, म्हणजे ती दिसतच नाही. सरडा मोठा झाला, भुंगेऱ्याच्या मापात बसेना झाला की रंग पण बदलतो आणि चालपण, परत साधा सरडा. ह्युई आणि पियांका या दोघा अभ्यासकांनी १९७७ साली हे लिहून ठेवलंय. झुरळापासनं सरड्यापर्यंत सगळे ज्याची कॉपी मारतात त्याच्या अंगात काहीतरी दम असणार की नाही?

माझं काय झालं

जूनचा पहिला आठवडा, वळवाची सर पडून गेलेली, अंजिराच्या बागेच्या कडेनं हेडटॉर्च लावून फिरत होतो, साडेनऊ वाजले असतील. बांधावरच्या वारुळातनं वाळवीची पाखरं निघत होती आणि तिथं हा. एकेक पाखरू धरायचा, अडकित्ता चालवायचा, पंख खाली टाकायचा, पुढचं. मी आधी लांबनं बघत होतो, मग गुडघ्यावर आलो, मग कोपरावर, मग फोन त्याच्यापासनं वीतभर आणि फोनच्या मागं माझं थोबाड. आप्पा (आमचे चुलते) पाणी धरायला आले होते, लांबनं ओरडले, "अरं काय हुडकतुयास तिथं पालथा पडून?" मी मान वळवली, हेडटॉर्चचा झोत भप्पकन त्याच्या अंगावर पडला आणि माझा हात सटकून त्याच्याजवळची ढेप हलली. मला फक्त एवढं दिसलं की तो ताठ झाला आणि त्याचं बूड वर आलं. मग उजव्या डोळ्यात मिरची, नाही, मिरचीपेक्षा वाईट, व्हिनेगरची बाटली डोळ्यात उपडी केल्यासारखं, आणि नाकात तो झोंबरा वास.

मी काय केलं तर सगळ्यात आधी डोळा चोळला. चूक. मग घराकडं पळायला लागलो. दुसरी चूक, कारण आप्पांच्या हातात चालू पाइप होता! त्यांनीच दंड धरून खाली बसवलं आणि पाइप सोडला तोंडावर, शिव्या घालत घालत. नंतर डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की पाणी लगेच पडलं म्हणून थोडक्यात सुटलात, बुबुळावर ओरखडल्यासारखी इजा होती, ड्रॉप्स चालू, चार दिवस काळा गॉगल लावून फिरलो आणि गावात सगळ्यांनी डोळे आलेत का विचारलं.

अंगावर उडालं तर

हा भाग नीट वाचा, पोरांना पण वाचून दाखवा.

डोळ्यात गेलं असेल तर पाणी, लगेच, जिथं आहात तिथं, जे स्वच्छ पाणी हाताशी असेल ते. नळ, पाइप, प्यायची बाटली, तांब्या. बिसलेरीच पाहिजे, उकळून गार केलेलंच पाहिजे असं काही नाही, पहिला मिनिट फार महत्त्वाचा आहे आणि तो शोधाशोधीत घालवायचा नाही. ज्या डोळ्यात गेलंय ती बाजू खाली करून मान तिरकी करा म्हणजे वाहणारं पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. पापण्या बोटांनी उघड्या धरा, डोळा आपोआप घट्ट मिटतो त्यामुळं दुसऱ्या माणसानं धरलेल्या बऱ्या, आणि पाणी नाकाच्या बाजूनं कानाकडं हळूहळू सोडत राहा, जोरात फटकारे नको. पाणी पडत असताना डोळा वर-खाली, डावी-उजवीकडं फिरवायचा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुवायला सुरुवात करून मग काढा, लेन्स काढायला आरसा शोधत बसू नका. किती वेळ? पंधरा ते वीस मिनिटं, घड्याळ लावून. हे फार वाटतं, दोन मिनिटांत माणूस म्हणतो झालं झालं बरं वाटतंय, तरी चालू ठेवायचं.

मग डोळ्याच्या डॉक्टरकडं, त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री. आग थांबली तरी जायचं. जाताना 'किडा चावला' असं सांगू नका, 'फॉर्मिक ॲसिड उडवणारा भुंगेरा, डोळ्यात ॲसिड गेलंय, इतके वाजता, इतका वेळ पाण्यानं धुतलंय' असं सांगा, फोटो असेल तर दाखवा.

आता काय करायचं नाही. चोळायचं नाही (लिहायला सोपं, मी पण चोळलाच). गुलाबपाणी, मध, तूप, आईचं दूध, गेल्या वर्षीचे फ्रिजमधले ड्रॉप्स, यातलं काही घालायचं नाही. लिंबू तर नाहीच, लिंबू स्वतःच ॲसिड आहे, ॲसिडवर ॲसिड. आणि शाळेत शिकलेलं आम्ल-अल्कली आठवून खायच्या सोड्याचं पाणी डोळ्यात सोडायचा हुशारपणा कुणी करायला गेलं तर त्याला थांबवा, उदासीनीकरणात उष्णता निघते हे पण त्याच धड्यात होतं. नुसतं पाणी, भरपूर.

कातडीवर उडालं असेल तर एवढं घाबरायचं नाही. वाहत्या पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटं, ॲसिड लागलेला कपडा काढून टाका कारण ओला कपडा कातडीला चिकटून काम चालूच ठेवतो, नंतर साबणानं धुवा. लाल होतं, झोंबतं, कधी नंतर साल निघते. टूथपेस्ट आणि हळद लावायची घाई नको, जखम झाकली जाते, धुतली जात नाही. फोड मोठे आले, चेहऱ्यावर असेल किंवा लहान मूल असेल तर डॉक्टर. कुत्र्याचं पण सेम, ते हुंगायला जातं आणि नाकावर-डोळ्यावर घेतं, मग जमिनीवर तोंड घासत फिरतं, त्याला धरून तोंड धुवा आणि डोळा उघडत नसेल तर जनावरांच्या डॉक्टरला दाखवा.

आणि तोंडात गेलं तर? विचारू नका कोण तोंडात घालेल म्हणून. केंब्रिजला शिकत असताना चार्ल्स डार्विनला एका झाडाच्या सालीखाली दोन दुर्मिळ भुंगेरे सापडले, दोन हातात दोन धरले, तेवढ्यात तिसरा दिसला, तो पण सोडवेना म्हणून उजव्या हातातला यानं तोंडात टाकला! त्यानं आत असलं काही जहाल सोडलं की जीभ भाजली, थुंकावा लागला, तो पण गेला आणि तिसरा पण गेला. हे त्यानं स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय. तुमच्या घरात रांगतं बाळ असेल तर हा किस्सा विनोदी राहत नाही, भरपूर पाण्यानं तोंड पुसून-धुवून काढा, उलटी करवू नका, सरळ दवाखाना.

घरात आला तर बाहेर कसा काढायचा

आधी हे समजून घ्या की तो तुमच्यासाठी आलेला नाही. ओट्यावरच्या बल्बखाली पाखरं पडतात, ती खायला तो येतो, मग भिंतीच्या कडेकडेनं चालत चालत दाराच्या फटीतनं आत. म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला बाहेरचा पांढरा दिवा संध्याकाळी बंद ठेवला आणि दाराखाली पोत्याची गुंडाळी लावली की निम्मा प्रश्न सुटतो.

आत आलाच तर बादली. प्लॅस्टिकची, आतनं गुळगुळीत. तो भिंतीला धरून चालतो याचा फायदा घ्यायचा, तो ज्या दिशेनं चाललाय तिकडं पुढं बादली आडवी करून भिंतीला लावून ठेवायची, तोंड त्याच्याकडं. मग मागनं लांब दांड्याच्या खराट्यानं जमिनीवर हळूच टकटक, त्याच्या अंगाला लावायची गरज नाही, तो पुढं पळतो आणि बादलीत शिरतो. चिडून धार मारलीच तर ती खराट्यावर जाते. आत गेला की बादली उभी करा, गुळगुळीत भिंतीवर त्याला चढता येत नाही. वरनं डोकावून बघायचं नाही! हा मोह सगळ्यांना होतो, आमच्या शेजारच्या तात्यांना पण झाला होता, नशीब चष्मा होता. वर ताट झाका, बांधावर नाहीतर माळावर न्या, बादली आपल्यापासनं लांब आडवी करा आणि मागं सरका. तो दोन मिनिटं विचार करतो आणि जातो.

ग्लास-आणि-पोस्टकार्डवाली ट्रिक कोळ्यासाठी ठीक आहे, यात हात फार जवळ येतो. मारायचा स्प्रे मारू नका, एक तर मरता मरता तो घरभर ॲसिड उडवणार आणि दुसरं म्हणजे शेतात तो फुकटचा गडी आहे, रात्रभर किडे खातो. बादलीनं काम होतंय तर उगाच कशाला.

मुद्दाम बघायचा असेल तर

वळवाचे पहिले एक-दोन पाऊस झाले की दिवस मावळल्यावर किंवा पहाटे, कोरड्या माळावर, खुरट्या गवतात, बांधाच्या दगडांजवळ फिरा. पायात बूट, डोळ्यावर साधा प्लेन काचेचा चष्मा (पन्नास-शंभर रुपयांचा वेल्डिंग दुकानातला सेफ्टी गॉगल मिळतो तो बेस्ट, दिसायला कसाही का असेना), बॅगेत एक लिटर पाणी वेगळं, प्यायचं नाही ते. टॉर्चवर लाल जिलेटीन पेपर रबरबँडनं लावा, लाल उजेड बऱ्याच किड्यांना फारसा जाणवत नाही, पांढऱ्या झोतात तो लगेच पळतो. मग बसायचं. मीटरभर लांब, हालचाल न करता. दगड उलटत फिरायची सवय असेल तर सोडा, खाली फुरसं पण असतं आणि ते मग ॲसिड नाही उडवत.

नुसतं बसल्यावर काय दिसतं ते सांगतो. खाऊन झालं की तो शिंगा साफ करतो. पुढच्या पायाच्या नडगीला आतनं एक खाच असते, तिथं केसांचा कंगवा असतो, त्या खाचेत शिंग अडकवतो आणि मान तिरकी करून बुडापासनं शेंड्यापर्यंत ओढून काढतो, एकदा, दोनदा, मग दुसरी. आमची आजी मशेरी लावून झाल्यावर पदराच्या टोकानं ओठांच्या कडा जशा टिपायची तसं अगदी निवांत. हे कॅमेरा दहा सेंटिमीटरवर नेऊन कधीच दिसत नाही, कारण घाबरलेला किडा शिंगा साफ करत नाही.

फोटोचं थोडक्यात. १०० एमएमची मॅक्रो लेन्स असेल तर उत्तम, लांबनं येतो. मोबाईल असेल तर टेलिफोटोवर ठेवा, क्लिप-ऑन मॅक्रो वापरू नका कारण ती दोन इंचावर न्यावी लागते. फ्लॅशपुढं बटर पेपर. आणि तो हलू नये म्हणून फ्रिजरमध्ये ठेवून फोटो काढणारे महाभाग असतात, तसं करू नका, तो फोटो मेल्यासारखाच दिसतो. वरनं एक सरळ फोटो, सहाही ठिपके दिसतील असा, आणि जमलं तर एक बाजूनं, दोन्ही आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींची वेबसाइट) जागा-तारखेसकट टाका.

मोजणीच करायची असेल, शाळेच्या प्रोजेक्टला वगैरे, तर प्लॅस्टिकचा उंच ग्लास जमिनीत काठापर्यंत पुरा, काठ आणि माती एका पातळीत, बुडाला सुईनं भोकं म्हणजे पाणी साचणार नाही, आत थोडा पाचोळा, आणि वर चार खड्यांवर टेकवलेला फरशीचा तुकडा. रात्रीचे किडे चालता चालता पडतात. उजाडायच्या आत जाऊन बघायचं, गॉगल लावून, आणि मोजून सोडून द्यायचे, नाहीतर आत एकमेकांना खाऊन सकाळी एकच जाडजूड गिऱ्हाईक उरतं. अभयारण्यात परवानगीशिवाय असलं काही करायचं नाही, आपल्या रानातच करा.

परवा आईचा फोन. "अरे तुझा तो ॲसिडवाला मोरीत आलाय, मी वर घमेलं पालथं घातलंय आणि घमेल्यावर वरवंटा ठेवलाय." ठिपके किती विचारलं तर म्हणाली चष्मा सापडला असता तर घमेलं कशाला घातलं असतं. रात्री जाणं शक्य नव्हतं, सकाळी गॉगल लावून, पाण्याची बादली भरून ठेवून, आईला दारामागं उभं करून घमेलं काठीनं उलटलं. सात ठिपके. झुरळ.

आईनं चष्मा लावून स्वतः दोनदा मोजले, मग म्हणाली, "म्हणजे रात्रभर मी पाय धुवायला परसात गेले ते याच्यासाठी?"